गुंडाळून ठेवलेली

१

रूपाली रोज सकाळी साडेनऊला प्रयोगशाळेत पोचायची, पांढरा कोट चढवायची, सूक्ष्मदर्शकाच्या खोलीचं दार लावून घ्यायची आणि काळोख बघायची. तेच तिचं काम होतं. वर्ध्यातल्या त्या संशोधन संस्थेत तिचं हे सहावं वर्ष. प्लेटच्या चोवीस खाचांत उंदराच्या चेतापेशी वाढवलेल्या असत आणि त्या पेशींत हर्पीस कुळातला एक विषाणू झोपलेला असे. तो जागा झाला की पेशी हिरवी चमकावी, अशी सोय त्याच्यात आधीच करून ठेवली होती. नाही झाला, तर काळोख. चोवीस खाचा, वहीत चोवीस शून्यं, आणि मग चहा.

प्रयोगशाळेच्या प्रमुख शरयू मॅडम नव्या विद्यार्थ्यांना दरवर्षी तेच सांगायच्या, आणि रूपालीला ते तोंडपाठ झालं होतं. "हा मेलेला नाही. शरीर त्याला मारू शकत नाही, म्हणून पेशी त्याच्या डीएनएचा सगळा धागा प्रथिनांच्या बारक्या रिळांवर घट्ट गुंडाळून ठेवते. इतका घट्ट, की वाचणाऱ्याला बोट शिरवायला फट राहत नाही. धागा पुरा आहे, त्यावरचं एक अक्षर खोडलेलं नाही. फक्त कुणाला वाचता येत नाही. अख्ख्या धाग्यावर एकच जागा पुटपुटत राहते, आणि त्या पुटपुटण्यातून काहीही बनत नाही."

"मग ती पुटपुटते कशाला?" असं एखादा विद्यार्थी विचारायचाच.

"ते अजून नीट कळलेलं नाही," मॅडम म्हणायच्या, आणि रूपालीकडे बघून हसायच्या.

मार्चच्या शेवटच्या सोमवारी रूपाली शून्यं लिहीत होती, तेवढ्यात रोहण्याहून आईचा फोन आला. बाबांच्या कपाळावर नागीण उठली होती, आणि गावातल्या कुणीतरी तिच्यावर गेरू लावून दिला होता.

२

बाबा रूपराव आणि आई जयवंता त्याच दिवशी दुपारच्या गाडीने आले. रूपाली वर्ध्यालगतच्या पिपरी मेघ्यात एका घराच्या माडीवर दोन खोल्यांत भाड्याने राहायची. एकटीच. लग्नाचा विषय घरात आता कुणी काढत नव्हतं.

बाबांच्या कपाळाची उजवी बाजू फोडांनी भरली होती. मधोमध कुणी रेघ मारावी तशी नागीण थांबली होती, डावीकडे एक ठिपका नव्हता. उजवी पापणी सुजून मिटली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या दिवसातून पाच वेळा, एकही चुकायची नाही. नागीण डोळ्याच्या आत उतरली तर नजर जाईल. उजेड सोसणार नाही, खोली अंधारी ठेवा.

रूपालीने पुढच्या खोलीच्या दोन्ही खिडक्यांना जाड चादरी बांधल्या. बाबांचा पलंग तिथे लावला. तिला आजाराची सगळी कुंडली ठाऊक होती. हा कांजण्यांचाच विषाणू, त्याच हर्पीस कुळातला. सव्वीस वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, ती सात वर्षांची असताना, त्यांच्या घरात सगळ्यांना एकदमच माता निघाली होती. तेव्हापासून तो बाबांच्या कवटीशी, एका चेतागाठीत गुंडाळलेला बसला होता. आता कशाने तरी गुंडाळी सैल झाली.

"दुपारच्या दोन गोया तू देजो माय," तिने जयवंताला सांगितलं. "मी कामावर असतो तवा. मोबाइलमधी गजर लावून देतो."

"देतो न," जयवंता म्हणाली. "मले का घड्याय पाह्यता येत नाई?"

३

तिसऱ्या दिवशी रूपाली दुपारी जेवायला घरी आली. वीज गेली होती. कूलर बंद, पंखा बंद. आई मागच्या खोलीत भाकरी थापत होती, तिचे थपथप आवाज येत होते. रूपाली पुढच्या खोलीच्या दारात चपला काढायला वाकली आणि तशीच थांबली.

आत सळसळ होत होती. संथ, एका लयीत. जात होती, येत होती. पाल्याची डहाळी कुणीतरी हळूहळू हलवावी तशी.

"बस झालं," बाबा अंधारात म्हणाले. "हात दुखन तुया. बस आता."

सळसळ थांबली.

रूपालीने पडदा सरकवला. बाबा एकटेच होते. डावा डोळा उघडा, छताकडे. खोलीत उकाडा दाटला होता, तरी त्यांच्या कपाळावर घामाचा एक थेंब नव्हता. रूपालीने वाकून हात लावला. गार होतं कपाळ, वारा घातल्यासारखं.

"बाबा, कोनाशी बोलून राह्यले?"

"तुयाशीच," ते म्हणाले. मग तिच्या तोंडाकडे त्या एका डोळ्याने बराच वेळ बघत राहिले. "नाई. तू तं आता आली."

चादर वाऱ्याने हलली असेल, असं तिने ठरवलं. पण बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं, आणि खोलीत कडुनिंबाचा कडवट वास होता. कडुनिंब म्हणाल तर आख्ख्या गल्लीत नव्हता.

४

विज्ञान शिकलेली मुलगी. तिला याचं कारण हवं होतं, आणि कारण होतंही. म्हाताऱ्या माणसाची किडनी थोडी थकलेली असेल तर याच गोळ्या रक्तात साचतात आणि माणूस भ्रमल्यासारखं बोलतो. हे तिने स्वतः वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने बाबांचं रक्त तपासायला दिलं. मनावरचं ओझं उतरलं. संध्याकाळी अहवाल आला: किडनी ठणठणीत. त्रेसष्ट वर्षांच्या शेतकऱ्याला शोभेल अशी.

शुक्रवारी तिने शरयू मॅडमना विचारलं, प्रयोगाबद्दल विचारावं तसं.

"मॅडम, गुंडाळी सैल झाली की धागा पहिल्यापासून वाचला जातो का? क्रमाने?"

"नाही ना, तीच गंमत आहे," मॅडम म्हणाल्या. "सुरुवातीला क्रमच नसतो. एकदम सगळीकडून थोडं थोडं बोलायला लागतं, शेवटचं आधी, मधलं नंतर. नुसता गोंधळ. त्यातून पुढे विषाणू उभा राहतो, नाहीतर सगळं परत मिटतं. का गं, प्लेटमध्ये काही दिसलं?"

"नाही. चोवीस शून्यं आहेत."

"मग चेहरा का असा?"

"बाबांची झोप होत नाहीये," रूपाली म्हणाली. ते खोटं होतं. बाबा छान झोपत होते. कुणीतरी थोपटून निजवावं तसे.

५

भाऊ रोशन पुण्यात एका कारखान्यात होता. शनिवारी त्याचा फोन आला. बाबांची तब्येत, डॉक्टर, गोळ्या, सगळं विचारून झालं.

"नागिनीचं दुखनं बेकार असते म्हनतात," तो म्हणाला. "आपल्या तिघाईले माता निघालती तवा रात्रभर कोनी झोपत नोतं."

"कोन तिघाईले?"

मागे कारखान्याचा भोंगा वाजला.

"दोघाईले म्हनलो मी."

"तू तिघाईले म्हनला, रोशन."

"मग चुकून निघालं असन. तू काऊन एवढं धरून राह्यली?" मग हळू आवाजात, "रूपा, आपल्या घरी उन्हायाच्या सुट्टीत कोनी राह्याले येत होतं का? मामाची वगैरे?"

"मामाले पोरगी नाई."

"तेच तं," रोशन म्हणाला, आणि काम आहे म्हणून फोन ठेवला.

रूपाली स्वयंपाकघरात गेली. जयवंताने जेवायला ताटं मांडली होती. एक बाबांचं, एक तिचं स्वतःचं, एक रूपालीचं. आणि एक लहान ताटली, तिच्यात अर्धीच भाकर, तुकडे करून दुधात भिजवलेली.

"हे कोनाचं, माय?"

जयवंताने ताटलीकडे पाहिलं. रूपालीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. एखादा शब्द जिभेवर येऊन अडावा, तसा तो चेहरा झाला होता.

"तिले फोडनी दिलेलं चालत नाई," ती म्हणाली. "मातेमधी."

हे विचित्र होतंच. पण त्याहून विचित्र घडलं ते रविवारी सकाळी. बाबा न्हाणीघराकडे निघाले होते. रूपाली पोळ्या लाटत होती. मान वर न करता ती म्हणाली, "थांबा बाबा, तिचं होऊ द्या."

आणि बाबा थांबले. दोघंही न्हाणीघराच्या बंद दाराकडे बघत उभे राहिले. आत तांब्या बादलीवर टेकल्याचा आवाज झाला. मग रूपालीने पुढे होऊन दार ढकललं. आतून कडी लावलेली नव्हती. आत कुणी नव्हतं. फरशी ओली होती. पण ओली तर ती रोजच असायची.

६

त्यानंतर जयवंता बोलायला लागली. सलग नाही. धान्य निवडता निवडता, केस विंचरता विंचरता, मध्येच एखादं वाक्य.

"डाव्या अंगाले झोपे ती. उजव्या अंगाले तू."

किंवा, "डहाळी तिच्याच हाती राहे. सगळ्यायले ती वारा घाले. सोताचे फोड खाजवे नाई, पोट्टी मोठी सोसनारी."

रूपाली विचारायची, कोण? कुणाची? कुठे गेली? तिथे आल्यावर जयवंताचा चेहरा कोरा पडायचा.

"मी तिले पैदा केलं का नाई, तेही आठवत नाई व. पन होती. एवढी होती." ती हाताने उंची दाखवायची. दर वेळी तीच उंची, जमिनीपासून तेवढीच.

रूपालीने आठवून पाहिलं. तो उन्हाळा तिला आठवत होता. दाराला बांधलेला कडुनिंबाचा पाला, कडू पाण्याची अंघोळ, अंगावरचे फोड. त्या आठवणीत ती, रोशन, आई, बाबा. चौघंच. पण आता नीट पाहिलं तर जी गोष्ट तिला कधी खटकली नव्हती ती खटकायला लागली. आठवणीत ती स्वतः खाटेवर पडलेली होती आणि अंगावर सतत वारा येत होता. रोशन शेजारी झोपलेला, बाबा तापाने फणफणलेले, आई चुलीशी.

मग वारा कोण घालत होतं?

तिने घरातले जुने फोटो मागवले नाहीत. शाळेच्या नोंदी बघायला ती रोहण्याला गेली नाही. जाता आलं असतं. दीड तासाचा रस्ता. पण काही सापडलं नाही तर काय आणि सापडलं तर काय, यातलं जास्त वाईट कोणतं, हे तिला ठरवता येईना.

७

मंगळवारी बाबांचा उजवा डोळा लालभडक झाला. डॉक्टरांनी दिवा मारून पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"गोळ्या वेळेवर चालू आहेत ना? आठ दिवस झालेत. एव्हाना उतार पडायला हवा होता. हे तर औषध पोटात गेलंच नाही असं दिसतंय."

"पाचही वेळा चालू आहेत," रूपाली म्हणाली.

घरी येऊन तिने गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजली. बरोबर होती. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि एकेक डबा उघडायला लागली. का, ते तिला सांगता आलं नसतं. तुरीच्या डाळीच्या डब्यात, तळाशी, आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गाठ मारलेल्या गोळ्या निघाल्या. सगळ्या दुपारच्या आणि कितीतरी सकाळच्याही.

जयवंता दारात उभी होती. तिने लपवायचा प्रयत्न केला नाही.

"माय, बाबाचा डोया जाईन."

"माहीत हाय मले."

"माहीत हाय तरी?"

"पयल्या दिवशी गोयी देली न, तवा ती दिसेनाशी झाली," जयवंता म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "दुपारची चुकली तं परत आली. मग मले समजलं. हे औसद तिले मिटवते, रूपा. तुया बापाचं दुखनं उघडं हाय तोवर ती हाय."

"ती कोन, हे तं तुले सांगता येत नाई."

"म्हनूनच तं." जयवंता खाली बसली. दोन्ही हात तिने मांडीवर उघडे टाकले. "दोन दिवस दे मले. नाव आठवू दे. इथवर येते अन् जाते. सव्वीस वर्सं मी तिचं नावसुदा घेतलं नाई. कोनती माय असं करते? एकडाव हाक मारतो, मग दे तू गोया."

रूपाली गाठोडं हातात घेऊन उभी राहिली. दोन दिवस म्हणजे डोळा. आणि तरीही, हे सांगायला तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटली, क्षणभर तिने दोन दिवसांचा हिशेब मनात करून पाहिला होता. तिलाही नाव हवं होतं.

पुढच्या खोलीतली सळसळ थांबली.

"रूपा," बाबांनी हाक मारली. "आन ती गोयी."

जयवंता उठली. "तुमी झोपा."

"मी नाई म्हनून राह्यलो," रूपराव अंधारातून म्हणाले. "ती म्हनून राह्यली. घ्या बाबा म्हनते."

जयवंताने पदराचा बोळा तोंडात कोंबला. रूपाली पाण्याचा पेला घेऊन आत गेली. चादरीच्या कडेतून दुपारच्या उन्हाची एक रेघ पलंगावर पडली होती. बाबांच्या उशाशी, भिंत आणि पलंग यांच्यामधल्या वीतभर जागेत, त्या रेघेच्या थोडं पलीकडे, एक मनगट दिसलं. बारीक, आणि त्यावर सुकत आलेल्या फोडांच्या खपल्या. एवढंच. रूपालीने डोळे मिटले, बाबांच्या हातावर गोळी ठेवली, आणि त्यांनी गिळल्याचा आवाज ऐकूनच डोळे उघडले. भिंत होती.

८

डोळा वाचला. पंधरा दिवसांत फोड सुकले, खपल्या पडल्या, कपाळावर पांढुरके डाग राहिले. खिडक्यांच्या चादरी निघाल्या.

जसजसं दुखणं मिटत गेलं, तसतशी जयवंता बोलायची थांबली. आधी वाक्यं गेली, मग ती हाताने दाखवायची उंची गेली. एका दुपारी रूपाली जेवायची ताटं मांडत होती.

"चार काऊन काढले व?" जयवंता म्हणाली. "कोनी येनार हाय का?"

रूपालीने आईच्या तोंडाकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर आता शब्द शोधणं उरलं नव्हतं. साधी विचारणा होती. तिने चौथं ताट उचलून ठेवलं.

रोशनला तिने एकदा फोनवर विचारलं. त्याला ते बोलणंच आठवत नव्हतं. बाबांना विचारायचं धाडस तिला झालं नाही. तिच्या स्वतःच्या मनातही ते पुसट होत चाललं होतं, आणि तेही विचित्र रीतीने. गोष्ट तिला माहीत होती, पण आठवत नव्हती. कुणीतरी दुसऱ्याने सांगितलेली ऐकावी, तशी ती मनात पडून होती. माझंच डोकं आठवडाभर नीट झोप न मिळाल्याने बहकलं असेल, असं तिने स्वतःला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ते पटलं.

प्रयोगशाळेत प्लेट तशीच काळी होती. ती शून्यं लिहायची. हल्ली मात्र शून्य लिहिण्याआधी खाचेकडे जरा जास्त वेळ बघत राहायची, आणि मॅडम बाहेरून दार ठोकायच्या.

९

एप्रिलच्या शेवटी आई-बाबा परत निघाले. रूपाली त्यांना सोडायला बसस्टँडवर आली. पुलगाववरून जाणारी आर्वीची गाडी लागलेली होती, निम्मी रिकामी. बाबा तीन जणांच्या बाकावर अलीकडच्या टोकाला बसले. आई मध्ये. खिडकीजवळची जागा मोकळी राहिली. वास्तविक आईला गाडी लागायची, ती कधी खिडकी सोडत नसे.

रूपाली खाली, खिडकीपाशी उभी राहिली. काच बंद होती; तिच्यातून आत मोठ्याने बोलावं लागत होतं.

"डोयात थेंब टाकत जाजो बाबा."

"टाकतो."

कंडक्टर तिकिटं काढत मागून पुढे आला. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला, घाईतला माणूस.

"रोहणा," जयवंता म्हणाली. "याईचं फुल, मायं हाफ."

त्याने मशीनवर दोन तिकिटं काढली, फाडली, आणि तिसऱ्यासाठी बोट बटणावर धरून थांबला.

"अन् पोरीचं?"

"कोनती पोरगी?" जयवंता म्हणाली.

कंडक्टरने चष्मा खाली ओढला. त्याने खिडकीच्या जागेकडे पाहिलं, आणि पुन्हा जयवंताकडे. त्याच्या आवाजात कुठेही आश्चर्य नव्हतं, नुसता दिवसभराचा कंटाळा होता. "पाचाच्या वर हाय ना ती, बाई. हाफ लागन तिचं. नाई तं चेकिंगवाला मले पकडते."

जयवंताने शेजारी पाहिलं. मोकळी जागा, तिच्यावर एक फाटलेला रेक्झिनचा तुकडा. तिने गोंधळून रूपरावांकडे पाहिलं. रूपराव समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत होते. त्यांनी दांडी घट्ट धरली होती.

रूपालीने काचेवर हात आपटला.

"द्या दादा," ती खालून म्हणाली. "एक हाफ द्या."

कंडक्टरने बटण दाबलं. तिकीट फाडून त्याने ते जयवंताच्या हातात दिलं आणि पुढे गेला. गाडी सुरू झाली. जयवंता दोन्ही हातांत तो एवढासा कागद धरून, त्यावरची अक्षरं वाचता न येणाऱ्या माणसासारखी बघत राहिली. ओठ तिचे हलत होते. काय म्हणत होती ते इंजिनाच्या आवाजात काचेतून ऐकू येत नव्हतं.

गाडी मागे सरकली, वळली. रूपाली चार पावलं सोबत चालली. आईचे दोन्ही हात तिकिटावर होते. बाबांचा हात दांडीवर. आणि खिडकीची काच आतून, थोडी अडत, दोनदा जोर लावावा लागल्यासारखी, मागे सरकली.